आणखी काय सोडू?

पत्राचा सारांश: सोलापुरातील ४६ वर्षांचे एक गृहस्थ चादरी-टॉवेलांच्या एका पेढीवर हिशेबाचे काम करतात. घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असले, तरी त्यांचे स्वतःचे उपासनेला जाणे नाताळ आणि ईस्टरपुरतेच होते. शनिवारची रात्र मित्रांबरोबर ढाब्यावर जाई, पिणे होई आणि त्यापायी हातउसने पैसेही होत. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, तीन वर्षांपूर्वी, एका प्रार्थनासभेत त्यांनी आपले जीवन नव्याने प्रभूच्या हाती दिले. तेव्हापासून त्यांनी एकेक गोष्ट सोडत आणली: आधी दारू, मग सिनेमा, रविवारचा कॅरम, मित्रांच्या शेतावरचा हुरडा, गड्ड्याच्या जत्रेत मुलीला पाळण्यात बसवणे आणि शेवटी गाणी ऐकणेसुद्धा. ‘जगाच्या सुखात समाधान नाही, ते प्रभूमध्ये आहे, हे मला पटले आहे, पण ते समाधान अजून माझ्याकडे आलेले नाही,’ असे ते लिहितात. संध्याकाळी चिडचिड होते, झोप नीट लागत नाही आणि रात्री उशिरा ते फोनवर मावसभावाच्या जुळे सोलापुरातील नव्या फ्लॅटचे व सहलींचे फोटो पाहत बसतात. लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून पत्नीने कुठेतरी जाऊन येण्याची इच्छा सांगितली, तिला त्यांनी नकार दिला. सतरा वर्षांच्या मुलीला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये समूहनृत्यात भाग घ्यायचा होता, तेही होऊ दिले नाही. तीन आठवडे झाले, मुलगी त्यांच्याशी धड बोलत नाही. ‘माझा विश्वास कमी पडतो का? मी आणखी काय सोडू?’ असे ते विचारतात.

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावात सलाम. तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले आणि त्यातला शेवटचा प्रश्न त्याहून अधिक वेळा वाचला. ज्याचे आयुष्य जमा-नावे लिहिण्यात गेले, त्याने श्रद्धेचीही खतावणी मांडावी यात नवल नाही. कॅरम, सिनेमा, हुरडा, गाणी असे सगळे तुम्ही चुकते केले आहे आणि त्या बदल्यात समाधान जमा व्हायचे आहे. तीन वर्षे ते जमा होत नाही, तेव्हा आपलीच काही रक्कम भरायची राहिली असावी, असे तुम्हाला वाटते. मला मात्र वाटते की, आकडे तपासण्याआधी हे खाते कोणी उघडले ते पाहावे. सुख आणि समाधान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक हलके केले की दुसरे आपोआप जड होते, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पवित्र शास्त्रात मला असा तराजू कुठे आढळत नाही.

तुम्ही जे सोडले ते सगळेच उगाच सोडले, असा मात्र याचा अर्थ नाही. जगाच्या सुखाने मन भरत नाही हा तुमचा अनुभव खरा आहे आणि फार जुनाही आहे. ‘उपदेशक’ पुस्तकाचा दुसरा अध्याय तुम्ही पुन्हा उघडून पाहा. त्यातील माणसाने घरे बांधली, द्राक्षमळे लावले, बागांना पाणी मिळावे म्हणून तळी खोदली, सोने-रुपे साठवले, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या. डोळ्यांना जे हवेसे वाटले ते त्याने त्यांना नाकारले नाही आणि अखेरीस हे सर्व व्यर्थ आहे असे म्हणाला. मराठीत आपण ‘व्यर्थ’ वाचतो, त्या जागी मूळ हिब्रूत ‘हेवेल’ हा शब्द आहे आणि त्याचा साधा अर्थ वाफ किंवा श्वास असा आहे. पौषातल्या पहाटे तोंडातून निघणारी वाफ डोळ्यांना दिसते, पण ओंजळीत धरता येत नाही. शनिवारच्या ढाब्याची गोष्ट तीच होती. सोमवारी सकाळी मजा विरून गेलेली असे आणि उधारी तेवढी शिल्लक राहत असे. एक गोष्ट मात्र आपण प्रवचनांतून सहसा ऐकत नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी हाच उपदेशक म्हणतो की, माणसाने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमांत सुख मानावे, कारण तेही देवाच्याच हातून येते. वाफ धरून ठेवण्याचा हट्ट सुटला की अंग शेकायला ती पुरते, असे मी त्याचे म्हणणे समजते.

दारूविषयी मी वेगळे आणि स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढच्या माझ्या कोणत्याही वाक्याचा आधार घेऊन कोणी तिकडे वळणार नाही. तुमच्या बाबतीत ती सुटली हे फार चांगले झाले. ती सुटलेलीच राहू द्या, आणि ज्या मित्रमंडळीत बसल्यावर ‘एकच घे’ असा आग्रह होतो तिथे रात्री जाऊ नका. बाकीच्या यादीविषयी मात्र मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आहे. सगळा दाखला एका वचनाचा. माणसाला शेतात ठेव सापडते, तो ती पुन्हा लपवून ठेवतो आणि आनंदाच्या भरात जाऊन आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो. यातील क्रम पाहा. आधी ठेव सापडली, मग आनंद झाला आणि विकणे सर्वांत शेवटी आले. विहिरीवर प्रभूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचेही तसेच घडले. प्रभूशी बोलणे झाल्यावर ती आपली घागर विहिरीपाशीच टाकून गावात धावली. ‘घागर टाक, म्हणजे तुला जिवंत पाणी मिळेल’ अशी अट तिला कोणी घातली नव्हती. बंधू, तुम्ही सर्वस्व विकून रिकाम्या शेताच्या बांधावर बसला आहात आणि ठेव आपण होऊन वर येण्याची वाट पाहत आहात, अशी मला शंका येते. वडिलांच्या उशाशी तुम्हाला काहीतरी सापडले होते, यात मला संशय नाही, कारण त्याशिवाय माणूस तीन वर्षे टिकत नाही. पण पुढे विकण्याच्या कामात तुम्ही इतके गुंतलात की, सापडले होते ते काय, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही आलेले नाही.

याला आपल्या मंडळ्यांतील साक्षींचीही थोडी जबाबदारी आहे, असे माझे मत आहे. साक्ष पाच मिनिटांची असते. ‘मी असा असा होतो, अमुक दिवशी प्रभूने मला बोलावले आणि त्या दिवसापासून मला पूर्ण शांती आहे’, असे सांगून माणूस खाली बसतो आणि आपण ‘आमेन’ म्हणतो. मधल्या वर्षांतली चिडचिड, कोरड्या प्रार्थना, घरातली भांडणे यांना त्या पाच मिनिटांत जागा नसते. मग ऐकणाऱ्याला वाटते की, सर्वांना समाधान टपालाने घरपोच मिळाले आणि आपलेच पाकीट कुठे हरवले.

प्रेषित पौल असे म्हणत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की, ज्या स्थितीत आपण असू तिच्यात समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत. मी तीस वर्षे शिक्षिका होते, त्यामुळे ‘शिकलो’ या शब्दाशी मी नेहमी थांबते. जे शिकावे लागते ते हळूहळू येते, चुकत येते आणि काही दिवस येतच नाही. पौल हे बंदिवासातून लिहीत होता आणि फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या देणगीची पोच देत होता. आपल्याला गरिबीत राहणे समजते आणि संपन्नतेत राहणेही समजते, असे तो म्हणतो. उपास कसा काढावा हे शिकणे आपल्याला कळते. पुढ्यात भरलेले ताट आल्यावर कसे वागावे हेही शिकावे लागते, हे आपल्या ध्यानात येत नाही. तुम्ही पहिला धडा घोकून पाठ केला आहे. दुसरा धडा तुम्ही उघडलेलाच नाही, कारण ताट पुढे आले की तुम्ही पाटावरून उठता.

याच पौलाचा एक झगा आहे, तो मला सोलापूरकर म्हणून फार जवळचा वाटतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मृत्यू जवळ आला आहे हे ओळखून लिहिताना, तो सांगतो की त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकेही आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. ज्याने समाधानाविषयी एवढे लिहिले, त्याला थंडी वाजत होती आणि ती वाजते हे सांगायला त्याला संकोच वाटला नाही. हा माणूस स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या करून पोट भरत होता. जाड कापडाची किंमत त्याला आपल्या यंत्रमागावरच्या माणसाइतकीच ठाऊक असणार. तेव्हा उबेची, पुस्तकाची, मित्राच्या सोबतीची इच्छा होणे हा असमाधानाचा पुरावा नाही. पत्नीला वीस वर्षांच्या संसारानंतर चार दिवस बाहेर जावेसे वाटते, ही इच्छा त्या झग्यापेक्षा फार वेगळी आहे असे मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘जगावर प्रीती करू नका’ असे योहानाने लिहिले आहे, त्याचे काय? लिहिले आहे आणि ते खरे आहे. पण जग म्हणजे काय, हेही त्याने तिथेच सांगितले आहे: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. आता ही मोजपट्टी घेऊन तुमची यादी तपासू. हुरडा घ्या. थंडीत शेताच्या कडेला आगटी पेटवलेली आहे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत गुळभेंडीची कणसे खुपसली आहेत, कोणीतरी ती गरम गरम हातावर चोळतो आहे, फुंकर मारून तूस उडवतो आहे, आणि कागदावर शेंगदाण्याची चटणी व गुळाचा खडा घेऊन तुम्ही वाट पाहत आहात. चटका बसतो म्हणून हुरडा या तळव्यावरून त्या तळव्यावर करावा लागतो. यात देहाची वासना कुठे आहे? देवाने उगवलेले कोवळे धान्य, एका शेतकऱ्याचे आगत-स्वागत आणि मित्रांचा सहवास एवढेच तिथे आहे. सगळे देवाने निर्माण केलेले चांगले आहे, उपकारस्तुती करून घेतले तर त्यातले काही टाकाऊ नाही, असे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. आणि त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात, देव आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो, असेही आहे. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरायला सांगणाऱ्या प्रभूला मेजवानीचे वावडे असावे, असे मला तरी वाटत नाही. त्याच्यावर तर ‘खादाड’ म्हणून आरोप झाला होता.

आता रात्री साडेअकराची वेळ घ्या. दिवसभर तुम्ही सिनेमा पाहिला नाही, गाणे ऐकले नाही, कोणाच्या पंगतीला गेला नाही. आणि आता अंधारात अंथरुणावर पडून मावसभावाच्या स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, त्याच्या बाल्कनीतला झोपाळा, त्याच्या मुलांच्या पाठीमागचा समुद्र असे एकेक चित्र बोटाने सरकवत आहात. योहानाने ज्याला डोळ्यांची वासना म्हटले, ती नेमकी येथे आहे. तुम्ही स्वतःचे सुख सोडले आणि दुसऱ्याचे सुख डोळ्यांनी चघळायला लागलात, असे लिहिल्याबद्दल राग मानू नका. हे मी तुमच्याच पत्रातून उचलले आहे. तुम्ही केलेल्या यादीत सर्वांत कमी हानिकारक वस्तू सुटल्या आहेत आणि सर्वांत जास्त पोखरणारी वस्तू उशीखाली राहिली आहे. समाधानाचे वैर सुखाशी असते त्यापेक्षा तुलनेशी अधिक असते. तुमच्या बाबतीत तरी मला असे दिसते.

चिडचिडीबद्दल एक वेगळी गोष्ट सांगते. एकशे एकतिसावे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. यरुशलेमेच्या यात्रेला चढून जाणारे लोक जी स्तोत्रे गात त्यांपैकी ते एक. त्यात म्हटले आहे की, आईजवळच्या दूध तुटलेल्या बालकासारखा माझा जीव मी शांत केला आहे. पुष्कळ लोक हे वाचताना आईच्या पदराआड दूध पिणारे तान्हे डोळ्यांपुढे आणतात. पण तिथे तान्हे नाही; दूध तुटलेले मूल आहे. माझ्या धाकट्या मुलीचे दूध तोडताना माझ्या सासूबाईंनी कोरफडीचा कडू गर लावायला सांगितला होता. पहिल्या रात्री पोरीने तोंड लावले, थू थू केले आणि जे रडायला सुरुवात केली ते शेजारच्या घरातले दिवे लागेपर्यंत. पाच-सहा रात्री ती माझ्या अंगाला हात लावू देईना. मला मारी, ढकली, पाठ फिरवून झोपे. दहाव्या-बाराव्या दिवशी, मी ज्वारी निवडत बसले होते, तेव्हा ती आपण होऊन येऊन मांडीवर बसली. तिला काही नको होते. सुपातले चार दाणे उचलून ती पुन्हा सुपात टाकत राहिली. तोपर्यंत ती माझ्याकडे दुधासाठी येत होती, आणि त्या दिवशी ती माझ्याकडे आली.

तुमची तीन वर्षांची चिडचिड ही काही अंशी त्या कोरफडीच्या रात्री असतील. त्या अविश्वासाच्या खुणा नाहीत. पण या स्तोत्रातून दुसराही एक प्रश्न निघतो आणि तो थोडा अवघड आहे. तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा कशासाठी बसता? पत्रावरून असे दिसते की, तुम्ही समाधान मागायला बसता, उठताना ते आले की नाही हे तपासता आणि आले नाही म्हणून खिन्न होता. म्हणजे आधी ढाबा हे दूध होते आणि आता समाधान हे दूध झाले आहे. ख्रिस्ताकडे आपण त्याच्यासाठी जावे, आणि समाधान त्या वाटेवर आले तर येऊ द्यावे. नुसते समाधानच हवे असेल तर तेही एक भोग्य वस्तूच होऊन बसते, फक्त तिची वेष्टणे धार्मिक असतात. आठवडाभर असे करून पाहा: प्रार्थनेत काहीही मागू नका. एक स्तोत्र मोठ्याने वाचा, त्या दिवशी जे जे मिळाले त्यातल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगा, आणि उठा. गोष्टी मोठ्या नकोत. सलग वीज राहिली, पेढीवर हिशेब पहिल्या फटक्यात जुळला, नळाला आज पाणी आले. आपल्या शहरात शेवटची गोष्ट उपकारस्तुतीला पुरेशी आहे.

आता घराविषयी. तुमचा त्याग तुमचा एकट्याचा राहिलेला नाही, हे तुम्हाला लिहिताना जाणवले की नाही, कोण जाणे. हुरड्याला जायचे नाही हे तुम्ही ठरवले. पण सहलीला कोणीच जायचे नाही, नृत्य मुलीने करायचे नाही, हेही तुम्हीच ठरवले. करिंथकरांस लिहिताना पौलाने पतिपत्नींना प्रार्थनेसाठी एकमेकांपासून दूर राहण्याची मुभा दिली, तीदेखील दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरती. मग सहलीसारख्या बाबतीत एकतर्फी निर्णय कसा चालेल? आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या काही वर्षे दूर राहिल्या, त्यांनी फार सोसले, आणि पुढे आल्या त्या स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या प्रश्नांची उत्तरे मिळवून. नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत बायको कशी मोजते, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितलेले आहे, हसता हसता वाचणाऱ्याचा घसा दाटतो.

मुलीबद्दल मला तुमची काळजी समजते. सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाला काळजी नसेल तर कोणाला असेल? पण ‘हात लावू नको, चाखू नको, स्पर्श करू नको’ अशा नियमांविषयी कलस्सैकरांच्या पत्रात काय म्हटले आहे ते पाहा: असे नियम ज्ञानाचे दिसतात खरे, पण देहाच्या लालसेला आळा घालण्याच्या कामी त्यांचा उपयोग होत नाही. गाणे कोणते आहे, पोशाख कसा आहे, तालीम किती वाजेपर्यंत चालते आणि घरी सोडायला कोण येते, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो हक्क न वापरता सरसकट नकार दिला की, मुलीच्या मनात एवढेच उरते की बाबांचा प्रभू आनंदाच्या विरुद्ध आहे. ही शिकवण तुम्हाला तिला द्यायची होती का? गॅदरिंग अजून झालेले नसेल तर तिच्याशी बोला. झाले असेल तर तिची क्षमा मागा. बापाने मुलीची क्षमा मागितल्याने घरात त्याचा मान कमी झाल्याचे मी पाहिलेले नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. आणखी कडक होणे ही पहिली. तिच्या टोकाला मला समाधान दिसत नाही, फक्त एक एकटा माणूस दिसतो. ‘इतके सोडूनही काही मिळाले नाही’ म्हणून पूर्वीच्या आयुष्याकडे परतणे ही दुसरी, आणि खरे सांगते, पहिल्या वाटेवर फार काळ चालणारी माणसे एके दिवशी अचानक दुसरीवरच सापडतात. तिसरी वाट नेमस्त आहे आणि तिच्यात साक्ष देण्यासारखे काही नाही: यादीतून एकच गोष्ट परत आणणे, ती उपकार मानून उपभोगणे, आणि ती संपल्यावर मागे काय राहते हे पाहणे. मी असते तर कॅरमपासून सुरुवात केली असती. रविवारी उपासना झाल्यावर दुपारी तासभर खेळा. मुलीला खेळायला बसवता आले तर उत्तम. मागे हलकेपणा राहिला आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसताना मन मोकळे वाटले, तर ती वस्तू तुमच्यासाठी भेट आहे. मागे हुरहूर, कर्ज किंवा लपवाछपवी राहिली, तर ती दूर ठेवा. एकाला जी वस्तू भेट असते ती दुसऱ्याला फास होऊ शकते. म्हणून रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये.

एका गोष्टीचा मात्र उपास करा आणि तो कडक करा. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा; गजरासाठी साधे घड्याळ घ्या. मावसभावाचे स्टेटस बंद करून ठेवता येते, ते करा, आणि त्याऐवजी त्याला महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटा. फोटोत दिसणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो. समोर बसून चहा पिणाऱ्या, गुडघे दुखतात असे सांगणाऱ्या आणि फ्लॅटचे हप्ते मोजणाऱ्या माणसाचा सहसा वाटत नाही. (उपासाबद्दल सांगायचे तर, एका वर्षी मी ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस चहा सोडला होता. त्या वर्षी माझ्या घरच्यांनी ईस्टरची जितकी आतुरतेने वाट पाहिली तितकी पुन्हा कधी पाहिली नाही. माझा तो उपास त्यांच्याच वाट्याला आला होता.)

झोप लागत नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. वडिलांना जाऊन फार काळ झालेला नाही. झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, सतत चिडचिड हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नसून आजाराचा असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. एलीया भविष्यवादी रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला स्पर्श केला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला दिले. बोलणे त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर झाले. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा आधी नुसते बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पाळकसाहेबांशीही बोला. त्यांना ‘समाधान मिळाले’ असे सांगण्याची तुम्हाला सवय झाली असेल, तर या वेळी ‘मिळालेले नाही’ असे सांगा.

हे सदर वाचणाऱ्या यंत्रमागावरच्या आणि विडी वळणाऱ्या भगिनी-बंधूंसाठी मध्येच दोन वाक्ये लिहिते. ‘आहे त्यात समाधान माना’ हे वाक्य कष्टकऱ्याला ऐकवणारा माणूस पुष्कळदा स्वतः मजुरी देणारा असतो. कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाच्या पत्रात आहे. तेव्हा हक्काचे मागणे आणि प्रभूमध्ये समाधानी असणे ही दोन्ही एकाच माणसाला करता येतात.

बंधू, शेवटी एक गोष्ट, जी तुमचे पत्र तिसऱ्यांदा चाळताना माझ्या लक्षात आली. तुम्ही काय काय सोडले ते तारखांसकट लिहिले आहे. मावसभाऊ कुठे कुठे जाऊन आला तेही लिहिले आहे. तुमच्या पत्नीला लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला नेमके कुठे जायचे होते, ते चार पानांत कुठेही नाही. ते तुम्ही तिला विचारले नसावे. आज संध्याकाळी घरी गेलात की विचारा, आणि ती काय म्हणाली ते मला जमल्यास कळवा.